गोधडीचा मधला घास

॥ श्री ॥

डोंबिवली, १२ जानेवारी १९५३

ती. आत्यास सुमतीचा नमस्कार.

आधी आनंदाचं. उत्तराचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, सुधीर नाव, पोस्टात कारकून आहे. माणसं साधी आहेत. वैशाख यंदा अधिक येतोय, म्हणून निज वैशाखात, मे महिन्याच्या शेवटी मुहूर्त धरलाय. देवाने माझं ऐकलं, सोळा सोमवार फुकट गेले नाहीत.

आता दोन अडचणी. दोन्हींवर औषध तुझ्याकडेच आहे असं मला वाटतं.

पाहुणे आले त्या दिवशी माझ्या आईची गोधडी मी अंगणात उन्हाला टाकली होती. उत्तराच्या होणाऱ्या सासूबाई तिच्यापाशी थांबल्या, उलटून पालटून पाहिली आणि म्हणाल्या, "हिच्या घातणीचं, म्हणजे शिवणीच्या नक्षीचं, नाव काय? आमच्याकडे जुन्या बायका नावावरून गाव सांगत." आईची आहे, एवढंच म्हटलं. त्यांनी ती रुखवतात मांडा असं सांगितलं आणि वर हसून म्हणाल्या, "नावासकट मांडा हं."

दुसरी अडचण भटजींनी काढली. मुलीला मांडवात घेऊन येणारा मामा कोण? मी म्हटलं, मला भाऊ नाही. ते म्हणाले, मामेभाऊ, चुलत मामेभाऊ, कुणीतरी असेलच की आजोळचं. आत्या, तू मला नेहमी हेच सांगत आलीस की मानमोडीच्या तापात आई-बाबा एका आठवड्यात गेले, आजोळचंही कोणी उरलं नाही, आणि गाव कुठलं ते तुला धड ठाऊक नाही. चार वर्षांच्या मुलीला ठाऊक असणार तरी काय! पण उत्तरा परवा म्हणाली, "मग मी काय एकटीच चालत येऊ बोहल्यावर?" हसत म्हणाली, पण लगेच पाणी आणायला विहिरीवर गेली, आणि घागर तर भरलेलीच होती.

म्हणून मनात आलं, गोधडीचं नाव कळलं तर गाव कळेल. गाव कळलं तर तिथलं कुणी लांबचं भेटेल. सख्खा नसला तरी आईच्या मातीतला माणूस मामा म्हणून उभा राहील. तुला नाव आठवतं का? तुझ्याच घरात ती सारी वर्षं होती.

तुझी,
सुमती

---

ठाणे, १७ जानेवारी

चि. सौ. सुमतीस आत्याचे आशीर्वाद. उत्तराचं वाचून समाधान झालं. कोपिनेश्वराला जाऊन दुधाचा अभिषेक सांगितला.

गोधडीच्या घातणीचं नाव सारीपाट. मधे चौक आणि चार बाजूंना पट्ट्या, सोंगट्यांच्या पटासारख्या, म्हणून सारीपाट. ठाण्यात घरोघर घालतात. त्यावरून गावबीव काही कळत नाही. विहीणबाईंना खुशाल सांग.

मामाचं काय एवढं? आमच्या खालच्या मजल्यावरचा प्रभाकर मला आई म्हणतो. उंचापुरा आहे, धोतर नीट नेसतो, पंगतीत मागून मागून खात नाही. त्याला उभा करू. मेलेल्यांची गावं शोधू नयेत, त्याने पितरांना त्रास होतो.

तिळगूळ धाडलाय. हलवा उत्तरासाठी वेगळ्या पुडीत आहे, तू खाऊ नकोस.

सगुणाआत्या

---

डोंबिवली, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

हलवा पोचला. मी एकच दाणा खाल्ला, खोटं कशाला सांगू.

रागावू नकोस, पण मी गोधडी घेऊन कल्याणला गेले होते. पारनाक्याजवळ एका ओट्यावर गंगुबाई म्हणून नगरकडची म्हातारी गोधड्या शिवत बसते. शेजारणींनी तिचं नाव सांगितलं. म्हटलं, सारीपाट तर सारीपाट, पण कुठल्या बाजूचा ते तरी विचारावं.

तिने आधी डोळ्यांनी पाहिलीच नाही. दोन तळहातांवर तोलली, वास घेतला, मग मधल्या चौकात अंगठा दाबून म्हणाली, "बाई, हिला घास न्हाई."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं की गोधडी पुरी झाली की अगदी शेवटी मधोमध चार बोटांचा एक तुकडा शिवतात, त्याच्या आत चिमूटभर तांदूळ घालून. तो गोधडीचा घास. गोधडीचं पोट भरलेलं असलं म्हणजे पांघरणारं माणूस उपाशी निजत नाही. "उपाशी गोधडी लेकीला देतं व्हय कुणी?" असं मलाच दटावलं.

आणि पुढे ऐक. कोपऱ्याला जिथे झिजलीय तिथे बोट घालून म्हणाली, ही एक नाही, दोन आहेत. वरचा सारीपाट रिळाच्या दोऱ्याचा. आतली शिवण लुगड्याच्या काठातून ओढून काढलेल्या दोऱ्याची आहे, कितीतरी जुनी. वरची आतलीला झाकायला घातली आहे.

आत्या, मला सगळं उमगलं. आतली माझ्या आजीने केलेली. तिच्यावर आईने माझ्यासाठी स्वतःच्या लुगड्यांचा सारीपाट घातला. तापात असतानाच शिवायला घेतली असेल, म्हणून घास घालायचा राहून गेला. मी रात्री त्या हिरव्या तुकड्यावर गाल ठेवून निजले. लहानपणी ठेवायची ना, तशीच. अंजिरी काठावर ओठ टेकायची तेही आठवतं. तू बघत बसायचीस.

आता आतली पाहायची आहे. चांगला दिवस बघून वरची शिवण उसवते. खरं नाव आत असणार.

सुमती

---

ठाणे, १३ फेब्रुवारी

सुमती,

शिवलेलं उसवू नये. लग्नघरात तर नाहीच नाही. त्या बाईचं काय ऐकतेस, रस्त्यावर बसणारी बाई. तुला तुझ्या आईची शपथ आहे, कात्री लावू नकोस.

प्रभाकरला विचारलंय. तो हो म्हणाला.

सगुणा

---

डोंबिवली, २ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

शपथ घातलीस म्हणून कात्री ठेवून दिली. होळी झाली, पोळीचा नैवेद्य दाखवला, तरी माझा जीव त्या गोधडीतच आहे.

उसवली नाही, पण हात फिरवायला शपथेने मना केलेलं नाही. दुपारी जमिनीवर पसरून डोळे मिटून चाचपत बसते. आतल्या दोऱ्याच्या रांगा बोटांना लागतात. रांग चालते, मधेच चार बोटं तुटते, पुन्हा चालते. मला वाटलं, दोरा झिजला, वरूनच चार टाके घालून सांधून टाकावं. आपल्याला कुठे तुटलेलं बघवतं? सुई ओवलीसुद्धा. मग पुढची रांग पाहिली, ती तशीच तुटलेली. तिच्या पुढचीही. तेव्हा सुई परत डबीत ठेवली. चूक इतकी सारखी नसते, आत्या. कुणीतरी मुद्दाम जागा सोडलीय.

गंगुबाईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आमच्या देशावर असं उघडं कुणी सोडत नाही, ही खालच्या, भाताच्या मुलखातली दिसते.

मला एक विचारायचंय. चौतीस वर्षांत तू मला आईची शपथ कधी घातली नव्हतीस. मॅट्रिकच्या वेळी तापात पेपर द्यायला निघाले होते, तेव्हाही नाही. शेवटच्या पत्रात तुझं अक्षर हललेलं दिसलं आणि सही नुसती सगुणा. तुझी तब्येत बरी आहे ना? लग्नापर्यंत काही होऊ नये म्हणून शकुनाला भीत असशील, तर मी गोधडी जशी आहे तशी मांडते. माझ्यासाठी तू जिवाला लावून घेऊ नकोस. पाडव्याला इकडेच ये. श्रीखंड करते.

सुमती

---

ठाणे, २९ मार्च

सुमती,

पाडव्याला आले नाही. पायरी उतरले होते, स्टेशनापर्यंत गेले आणि परत फिरले. तू माझ्या तब्येतीची काळजी केलीस, तेच मला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

शपथ मागे घेते. उसव. पण आधी हे वाच.

तुझे आई-बाप कल्याणच्या घरात गेले. घरात मी आणि तू. मी अठ्ठाविसाव्या वर्षी भावाच्या दारात आलेली विधवा, पदरी कुणी नाही. तू माझ्या पोटाशी निजायचीस. महिन्याभराने तुझा मामा आला. दगडू त्याचं नाव, खडवलीचा, नदीच्या अंगाला घर. म्हणजे गाव मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

तो लांबून येताना खिडकीतून दिसला, काखेत गोधडी होती. तुला न्यायला आलाय हे मी ओळखलं. त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा होता, घर भरलेलं होतं, कुणीही पंच त्याच्याच बाजूने बोलला असता. मी तुला मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि पुढचं दार उघडलं. तो म्हणाला, पोर कुठाय? मी म्हटलं, पोरही गेली.

एवढंच बोलले. मला रडावं लागलं नाही, तोच रडला. ओटीवर बसला, पाणीसुद्धा प्यायला नाही. जाताना गोधडी माझ्या हातात दिली. म्हणाला, "आईने तिच्यासाठी पाणवाट घातली होती. आता कुणाही पोराला द्या, ऊब वाया जाऊ नये."

पाणवाट. हे तुझ्या गोधडीचं नाव.

पंधरा दिवसांत मी तुला घेऊन ठाण्याला आले, कुणाला पत्ता ठेवला नाही. गोधडी टाकवेना आणि उघडीही ठेववेना, त्या मुलखातलं कुणी ओळखेल म्हणून. वरून सारीपाट घातला. घास घातला नाही. खोट्यावर तांदूळ ठेवायला हात धजला नाही.

आणखी एक. ती हिरवी आणि ती अंजिरी तुझ्या आईची नव्हेत. माझी. माझ्या सौभाग्यातली लुगडी होती, नेसायची तर नव्हतीच. तू त्यावर ओठ टेकून आई म्हणायचीस आणि मी बघत बसायची. तेवढं मला पुरायचं.

खडवलीला जा. मी वाट पाहणार नाही.

सगुणा

---

ठाणे, १९ एप्रिल

चि. सुमतीस,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बरोबर आहे. उत्तर मागण्यासाठी लिहीत नाही. अधिक महिना लागलाय, उत्तराच्या नावाने रोज तेहतीस वाती लावते, एवढंच कळवायचं होतं. लग्नाला मी येणार नाही, ते तू मनात आणू नकोस. अक्षता इथूनच टाकीन.

सगुणा

---

डोंबिवली, ३ मे

ती. आत्यास,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते देवघरात ठेवलं. आठ दिवस दिवा लावताना तिकडे पाहिलं नाही. मग राग आला. तो इतका आला की दळताना जातं अडकलं. चाळीशीला टेकलेल्या बाईला चार वर्षांच्या मुलीचा राग येतो, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी विचारलं तेव्हा पत्र वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाले, "कात्री कुठे आहे?"

दोघांनी मिळून उसवली. दोरा तोडला नाही, सगळा निघाला तसा गुंडाळून ठेवला, सुपारीएवढी गुंडी झाली. सारीपाट बाजूला झाला आणि आतली दिसली. पांढरी, निळी, मातकट. लहानमोठे वेडेवाकडे चौकोन, एकात एक अडकलेले, आणि प्रत्येकाच्या शिवणीत ती चार बोटांची जागा सोडलेली. मधोमध घास होता. दाबला तर आत पीठ झालेलं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं खडवलीला गेलो. कल्याणला गाडी बदलली, कसाऱ्याच्या गाडीत उत्तरा गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. नदीकडचं घर विचारत गेलो. अंगणात एक म्हाताऱ्या बाई कुरडया उन्हात घालत होत्या. शेवंतीमामी. दगडूमामांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा मुलगा विठ्ठल शेती बघतो, शाळेतही शिकवतो.

मी नाव सांगितलं. मामी म्हणाल्या, आमची एक सुमती होती, ती लहानपणीच गेली. मी गोधडी पसरली.

मामींनी हात पदराला पुसले, वाकल्या, गोधडीच्या कडेला बोट ठेवलं आणि पहिल्या मोकळ्या जागेतून आत नेलं. मग दुसरीतून. मग तिसरीतून. बोट उचललं नाही आणि एकाही टाक्यावरून नेलं नाही. तसंच फिरत फिरत मधल्या घासापर्यंत गेलं. आपण आपलं तुटलं म्हणून सांधायला निघालो होतो! भाताच्या खाचरांना बांध असतात ना, त्यांना पाणी जायला अशीच तोंडं ठेवतात. एका खाचरातून दुसऱ्यात, शेवटापर्यंत. मामी म्हणाल्या, "ही माझ्या सासूची. पाणवाट फक्त लेकीच्या लेकराला घालतात आमच्यात. मुलांना, सुनांना साधी."

मग माझ्याकडे पाहून, "बस," म्हणाल्या. एवढंच.

आत्या, पुढचं लिहू की नको असा विचार केला. पण तू माझ्यापासून लपवलंस आणि त्याने काय झालं ते पाहते आहेस, म्हणून मी लपवणार नाही. दगडूमामा दर पितृपक्षात माझ्या नावाचं पान वाढून ठेवत. ते गेल्यावर विठ्ठलने चालू ठेवलं. चौतीस वर्षं. मामींनी भात टाकला, वरण केलं, केळीचं पान मांडलं आणि मला त्याच्यासमोर बसवून म्हणाल्या, "इतकी वर्षं कावळ्याने खाल्लं. आज तू खा."

मी जेवले. रडत जेवले, पण पानात काही टाकलं नाही.

विठ्ठल मामा म्हणून येतोय. त्याने उत्तराला तिथेच विचारलं, चालताना फार भरभर चालत नाहीस ना, माझा गुडघा दुखतो. ती पुन्हा पाणी आणायला जायला निघाली, तर त्यांच्याकडे विहीर परसातच आहे, रडायला जागा पुरेना.

तो रागावलाही. मांडवात येईन, म्हणाला, पण त्या बाईंसमोर उभा राहणार नाही, माझा बाप त्या दुःखाने झिजला. मला तरी काय तोंड होतं? तेव्हा मामीच चुलीजवळून म्हणाल्या, "तू तिला मांडवात चार पावलं नेणार. तिच्या आईला लहानाची मोठी केली कुणी?" निघताना मात्र स्टेशनवर मला म्हणाला, त्यांनाही बोलवा.

मी तुला क्षमा केली असं लिहीत नाही. तो अधिकार दगडूमामांचा, आणि ते नाहीत. माझा राग अजून आहे, कधीकधी भांडी घासताना येतो. पण गाल ठेवायला मला दुसरा हिरवा तुकडा मिळाला नव्हता, आणि आता मिळाला तरी नको आहे.

म्हणून असं केलं. सारीपाट धुतला आणि परत त्याच गोधडीला लावला. एका बाजूला पाणवाट, पालथी केली की सारीपाट. तुझाच दोरा वापरला, गुंडीतला. फक्त सारीपाटाच्या कडेला चार बोटं जागा मोकळी सोडलीय. रुखवतात दोन्ही नावं लिहून मांडणार आहे, आणि लग्नानंतर ती उत्तराकडे जाईल.

सारीपाटाचा मधला घास तेवढा घातलेला नाही. तो तू घालायचास. विधवेने रुखवताला हात लावावा का असं भटजींना विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. देवाला विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही.

आठ दिवस आधी ये.

सुमती

---

ठाणे, ७ मे

चि. सौ. सुमतीस आशीर्वाद.

पत्र सहा वेळा वाचलं. सातव्या वेळी प्रभाकरने हातातून काढून घेतलं. त्याला सांगितलं, तुझी मामा म्हणून गरज नाही. तो रुसून बसलाय. त्याला पंगतीत वाढायला तरी घे, धोतर नवं घेतलंय त्याने.

तांदूळ निवडून ठेवले आहेत. अख्खेच घेतले, एकही तुकडा नाही. सुई मी आणते, तुझ्या सुया जाड असतात. लग्नाच्या आठ दिवस आधीच्या सोमवारी सकाळच्या गाडीने निघते, स्टेशनावर उत्तराला पाठव. या वेळी परत फिरणार नाही.

विठ्ठल यायच्या दिवशी मला दारात उभी राहू दे. तो पोर कुठाय विचारणार नाही, मला ठाऊक आहे. तरी मीच सांगेन. पोर घरात आहे, आत या.

सगुणाआत्या